खुनी सांगायचा नाही

या लेखात मी एका सिनेमातला खुनी कोण ते सांगणार आहे, आणि म्हणूनच त्या सिनेमाचं नाव सांगणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी सांगणं आमच्या धंद्यात बसत नाही. तुमच्यापैकी ज्यांनी तो पाहिलाय ते ओळखतीलच. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी कधीतरी पाहावा, पोट धरून हसावं आणि शेवटी साफ चकावं. त्यांचं ते चकणं मी हिरावून घेणार नाही. संपादकांनी नावाचा बराच आग्रह केला, पण मी बधलो नाही.

मी उस्मान. मुंबईच्या नव्हे, आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. ती बंद पडल्यावर हिंगोलीत एका थेटरात गेलो, मग तेही बंद पडलं. लोक विचारतात, निवृत्त कधी झालात? मी म्हणतो, मी नाही झालो, थेटरं झाली. आणि ऑपरेटर म्हटलं की आता पोरांना कॉम्प्युटर आठवतो, म्हाताऱ्यांना पोटाचं ऑपरेशन. म्हणून आधी थोडं धंद्याचं सांगतो.

सिनेमा आमच्याकडे पत्र्याच्या पेटीत यायचा. पेटीत डबे, एकेका डब्यात एकेक रीळ, अठरा-वीस मिनिटांचं. अख्ख्या सिनेमाची सात-आठ रिळं. केबिनमध्ये दोन मशिनी. एका मशिनीवर रीळ चालू असतं तेव्हा दुसरीवर पुढचं चढवून ठेवायचं. पहिलं संपत आलं की पडद्यावर उजव्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका चमकतो. तुम्हाला तो कधी दिसला नसेल. तो आमच्यासाठीच असतो, त्याला आम्ही खूण म्हणायचो. खूण दिसली की दुसरी मशीन चालू करायची, आणि पहिली बंद. प्रेक्षकाला कळता कामा नये. ज्या दिवशी कुणालाच कळलं नाही त्या दिवशी ऑपरेटरने आपलं काम चोख केलं असं समजायचं. असं न दिसण्यासाठी जन्मभर घाम गाळायचा, हा आमचा धंदा.

चुका माझ्याकडूनही झाल्या. एकदा पाचव्या रिळाच्या जागी सहावं चढवलं. सासऱ्याची जी तिरडी लोकांनी नंतर पाहायची होती ती त्यांनी आधीच पाहिली, आणि पुढच्या रिळात सासरा पडवीत बसून बशीतून चहा ओढतोय! मी केबिनमध्ये कपाळावर हात मारला. खाली मात्र टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं भुताचा सिनेमा आहे. दुसऱ्या दिवशी रिळं नीट लावली तर कालचेच दोघेतिघे पुन्हा आलेले, बाहेर पडताना म्हणाले, "काल चांगला होता, आज काहून बिघडवला?"

पण खुनाच्या सिनेमाला अशी चूक चालत नाही. तिथे सगळा जीव शेवटच्या रिळात असतो. म्हणून आमच्यात एक कायदा होता, कुणी लिहिलेला नाही, पण सगळे पाळायचे: खुनी सांगायचा नाही. गेटकीपरने सांगायचा नाही, चहावाल्याने सांगायचा नाही, ऑपरेटरने तर बायकोलाही सांगायचा नाही. गावात एक शिंपी होता, पहिला खेळ बघून तिकिटाच्या रांगेपाशी उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खुनी सांगून टाकायचा. त्याला मी खुनाच्या सिनेमापुरतं केबिनमध्ये स्टूल टाकून बसवायला लागलो. मशिनीशेजारी बसायला मिळतंय म्हटल्यावर गडी खूश, तोंडाला कुलूप. या कायद्याचा मला फार अभिमान होता. तोच अभिमान पुढे कुणाच्या तरी अंगाशी आला, ते आता सांगतो.

तर तो सिनेमा. एका लॉजचे कंजूष मालक आबासाहेब मेल्याचं सोंग घेतात. आपल्यामागे कोण खरं रडतं ते त्यांना बघायचं असतं. घरात विधवा काकू, वकील, डॉक्टर आणि माळी. काकू सोडून सगळे गळे काढून रडतात, आणि आबासाहेब चादरीखाली मनाशी हिशोब करतात, याचं रडणं खरं, त्याचं खोटं. सकाळी चादर काढून बघतात तर आबासाहेब खरोखरच गेलेले. कुणीतरी त्यांच्या दुधात काहीतरी कालवलेलं. पोलीस पुण्याहून डिटेक्टिव्ह मागवतात आणि चुकून गावच्याच न्हाव्याला डिटेक्टिव्ह समजून घरात आणून बसवतात. तो बिचारा घाबरट. कुणी जवळ आलं की आधी त्याची दाढी वाढलीय का ते बघतो. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळायची.

सगळ्यांचा संशय काकूंवर असतो, कारण दूध त्याच तापवतात. आणि शेवटच्या रिळात न्हाव्याला डॉक्टरच्या कोटाच्या बाहीवर एक काळा डाग सापडतो, परीट कपड्याला घालतात तसला बिब्ब्याचा, कितीही धुतला तरी न जाणारा. अंधारात दुधाच्या भांड्यात हात घालणाऱ्याच्या बाहीवर काकूंनीच तो उमटवलेला असतो. न्हावी ओरडतो, "अहो, ही खूण काकूंनी केलीय!" आणि काकू, ज्यांचा आबासाहेबांवर खरा जीव असतो, त्या पहिल्यांदा मोठ्याने रडतात. खुनी डॉक्टर. झालं, मोडला कायदा.

हा सिनेमा आमच्याकडे लागला तेव्हा बाजाराच्या दिवशी आम्ही दुपारचा खेळ ठेवायचो. बाजार करून माणसं टॉकीजमध्ये येऊन बसायची आणि खेळ सुटला की जीप धरून गावी जायची. त्या दिवशी शेवटचं रीळ चढवत असताना खाली गडबड ऐकू आली. झरोक्यातून बघितलं तर एका बाईला धरून बाहेर नेत होते. गेटकीपर वर येऊन म्हणाला, "साखरा गावच्या मारोतीची बायको. दिवस भरलेले अन् सिनेमाला आलती. हसता हसता कळा सुरू झाल्या."

मी मशीन थांबवली नाही. थांबवायचा प्रश्नच नव्हता.

पुढच्या बाजाराला हा मारोती माझ्याकडे केबिनच्या जिन्यापाशी आला. मेंढरं राखणारा, खांद्यावर घोंगडी, माझ्याच वयाचा. म्हणाला, "पोरगी झाली उस्मानभाई. उषा नाव ठिवलं." मी मुबारकबाद दिली. मग तो जरा रेंगाळला. "येक इचारायचं व्हतं. त्या सिनेमात खून कुनी केला? काकूनंच ना?"

मी हसलो. अगदी फुशारकीने हसलो, आज आठवलं की माझीच मला चीड येते. म्हटलं, "खुनी सांगायचा नसतो मारोती. पुन्हा लागंल तवा तिकीट काढून बघ."

"घरात जरा बोलाचाली झाली, म्हून इचारलं."

"मग तर मजाच हाय. होऊ द्या बोलाचाली."

तो मुकाट्याने गेला. पेटी आधीच दुसऱ्या गावाला गेलेली होती. तो सिनेमा आमच्या टॉकीजला पुन्हा कधी लागला नाही.

या गोष्टीला तीसेक वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात माझ्या दाराशी एक स्कूटी थांबली. बाई नर्सच्या पांढऱ्या कोटात, पाठीशी पिशवी. म्हणाली, "उस्मानचाचा, मी साखऱ्याच्या मारोतीची उषा. तुमच्या टॉकीजमधून मला जन्माला घालायला नेलं होतं." माझी बायको आतून म्हणाली, "अजी, अब किसका क्या हुआ?" उषाला आत बोलावलं, चहा झाला आणि तिने सगळं सांगितलं.

त्या दिवशी तिची आई द्वारकाबाई आणि मावशी कौसाबाई दोघी सिनेमाला आल्या होत्या. कौसाबाई जवळा बाजार गावी दिलेली, बहिणीच्या बाळंतपणाला आलेली. द्वारकाबाईंना बाहेर आणलं, पण जीप मिळेना. टॉकीजच्या पत्र्याला टेकून त्या बसल्या आणि मारोती शेजारी उभा. पत्र्यातून शेवटचं रीळ स्पष्ट ऐकू येत होतं. कौसाबाई तेवढ्यात आत सिनेमा बघायला परत गेली. जीप आली, ते दोघे गेले. कौसाबाई मागे राहिली आणि दुसऱ्या जीपने संध्याकाळी सेनगावच्या दवाखान्यात पोचली. तोवर उषा जन्मली होती. कौसाबाई आली ती धावत-पळत, आणि खाटेपाशी उभी राहून मोठ्याने म्हणाली, "अक्का, खून डॉक्टरनं केला!"

"दवाखान्यात?" मी विचारलं.

"हो ना. सगळा वॉर्ड बघायला लागला. डॉक्टर तिथंच उभे होते, त्यांनी चष्मा काढून बघितलं म्हणे मावशीकडे."

मी हसलो, पण उषा हसली नाही. द्वारकाबाईंना मारोतीने वाटेतच सांगून टाकलं होतं की खून काकूंनी केला. त्याने स्वतःच्या कानाने ऐकलेलं. आणि द्वारकाबाईंनी तिथल्या तिथे ताडलं: कौसाला खुनी ठाऊक नाही, म्हणजे कौसा आत नव्हतीच. मी कळा देत होते आणि ही बाजारात बांगड्या भरत फिरत होती. वरून खोटा खुनी घेऊन आली. कौसाबाईंच्या हातात नव्या बांगड्याही होत्या, सकाळीच भरलेल्या. झालं. तेव्हापासून दोघी बहिणी बोलत नाहीत. उषाच्या लग्नात मावशी आली, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेली.

"आता काय अडलंय?" मी विचारलं.

"माझ्या बाळाचं जावळ काढायचंय चाचा. जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात. मला भाऊ नाही. मावशीचा बाळू आहे, लहानपणापासून मी त्याला राखी पाठवते पोस्टाने, चोरून. तो यायला एका पायावर तयार आहे. आई म्हणते, खोटारडीच्या पोराच्या मांडीवर माझा नातू बसणार नाही. मग कोणाच्या बसवू? बाळाचे केस डोळ्यांवर यायला लागले."

"अगं, खुनी डॉक्टरच आहे," मी म्हटलं. "मी सांगतो तुझ्या आईला."

"मी मोबाइलवर दाखवला तिला तो सिनेमा. ती म्हणते, मोबाइलात आता मेलेली माणसंबी बोलतात, कुणी काही बी घालतं. म्हणे उस्मानभाईनं त्याच्या मशिनीवर लावला तरच मानीन."

ऐकून मला एकीकडे छाती फुगल्यासारखं झालं आणि दुसरीकडे त्या जिन्यापाशी रेंगाळलेला मारोती आठवला. घरात बोलाचाली झाली, असं तो म्हणाला होता. एका शब्दाचं काम होतं. मी तो शब्द माझ्या कायद्यापायी गिळून बसलो. मी उषाला म्हटलं, "लावतो. साखऱ्यातच लावतो."

माझ्याकडे जुनी मशीन आहे, पण रिळं नाहीत, असती तरी चालली नसती. तेव्हा मी एक फसवणूक केली आणि ती इथे कबूल करतो. साखऱ्याच्या शाळेच्या हेडमास्तरांकडे भिंतीवर चित्र पाडायचा छोटा डबा आहे. ठरवलं की तो उषाच्या मोबाइलला जोडून मशिनीच्या मागे फडक्याखाली लपवायचा, आणि पुढे माझी मशीन नुसती घरघरत ठेवायची. फसवणुकीचा सिनेमा फसवूनच दाखवायचा!

दोन दिवसांनी मारोती आला. पार थकलेला, काठी हातात. ओट्यावर बसला आणि चहा पुढे ठेवला तरी हात लावेना.

"उस्मानभाई, त्यो शेवटचा तुकडा कापता येतो का?"

"कोणता?"

"डॉक्टर सापडतो त्यो."

मी बघतच राहिलो. "म्हणजे तुला ठाऊक हाय?"

"पोरगी साळंत जात व्हती तवा कळलं. मेंढरं घिऊन वाशिमला गेल्तो, तिथं थेटरात त्योच सिनेमा. बसलो. डॉक्टरच निघाला की!"

"अन् त्या दिवशी तू काय ऐकलं होतंस?"

"खून काकूनं केली. स्वच्छ ऐकलं. मंग काकू वरडून रडली. पोलिसाची शिट्टी झाली. अजून काय पायजे?"

"मारोती, तो 'खूण' म्हणतो. बिब्ब्याची खूण. खून नाही."

"येकच की ते."

"एक कसं? खून असता तर 'केलाय' म्हणाला असता. तो 'केलीय' म्हणाला."

मारोतीने माझ्याकडे बघितलं. "उस्मानभाई, बायकूला कळा येऊन राहिल्त्या, जीप मिळून न्हाई राहिली, अन् मी तिथं व्याकरन बघत बसू?"

खरं होतं त्याचं. आमच्या भागात 'ण' बोलण्यात येतोच कुठे. मी स्वतः मराठी शाळेत शिकलो म्हणून मला फरक कळतो, नाहीतर मीही तेच ऐकलं असतं.

"पण खरं कळल्यावर सांगितलं का नाहीस?"

त्याने काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, "सख्ख्या बहिनीपरीस बायकूनं माज्यावर इश्वास ठिवला, ह्याचं पयल्यांदा लई बरं वाटलं. वाशिमहून आलो तवा सांगनार व्हतो. घरात आलो, तर ती शेजारनीला सांगून राहिली, आमच्या मालकाचे कान लई तिखट हायेत, काकूला त्यायनीच धरलं. मंग कसं सांगू? आज सांगू, उद्या सांगू, अशी वर्सं गेली. कापा ना तेवढा तुकडा. चार मिनटाचाच हाय."

तुकडे मी कापलेत. फिल्म फाटली म्हणून कापलेत, शेवटची एसटी चुकू नये म्हणून मालकाने सांगितलं तेव्हा गाणीच्या गाणी कापलीत. पण हा तुकडा कापला तर एका लेकराला मामा मिळणार नव्हता. मी म्हटलं, "नाही मारोती. पण एक करतो. शेवटच्या रिळाआधी रीळ बदलायचं म्हणून मी खेळ थांबवीन. मी खुडबूड करत राहीन तेवढा वेळ तुझा. पडद्याने सांगायच्या आधी तू सांग."

"अन् न्हाई सांगितलं तर?"

"तर पडदा सांगेल."

चहा तसाच टाकून तो उठला.

रविवारी दुपारी साखऱ्याच्या शाळेत खेळ ठेवला. खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला, त्यामुळे वर्गात मेंढरांचा वास भरून राहिला होता. गाव लोटलं. द्वारकाबाई पुढे सतरंजीवर, मांडीवर नातू, त्याचे केस खरंच डोळ्यांवर आलेले. उषाने मावशीलाही बोलावलं होतं. कौसाबाई शेवटी आल्या, बाळूबरोबर, आणि दाराशी भिंतीला टेकून बसल्या. द्वारकाबाईंनी मागे वळून पाहिलं, आणि मान फिरवली.

मी मशीन सुरू केली. ती छान घरघरली. तिच्यामागून डब्याने पडद्यावर चित्र पाडलं. काय सांगू, लोक त्याच जागी हसले, तस्सेच हसले. न्हावी पोलिसाची दाढी चाचपून बघतो तिथे एक म्हातारा हसता हसता आडवा झाला. द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी मात्र मारोतीकडे बघत होतो. तो खिडकीपाशी काठी धरून उभा होता आणि एकदाही हसला नाही.

न्हावी कोट झटकायला लागला. मी डबा बंद केला. "रीळ बदलतो," असं मोठ्याने म्हणालो आणि घोंगडी बाजूला करायला सांगितलं. उजेड आला. मी मशिनीच्या झाकणाशी उगाच स्क्रू ड्रायव्हर फिरवायला लागलो. मारोती हलेना. मी झाकण उघडलं, पुसलं, पुन्हा लावलं. पोरं ओरडायला लागली. मी भिंग पुसलं. आता पुसायला काही उरलं नव्हतं.

तेव्हा मारोती पडद्यापुढे जाऊन उभा राहिला. टोपी काढून हातात घेतली.

"खून काकूनं न्हाई केला," तो म्हणाला. "डॉक्टरनं केला. मी चुकीचं ऐकलं व्हतं. मला लई वर्सामागं कळलं, पन मी बोललो न्हाई. कौसा खरं बोलली व्हती."

 मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या, खुनी सापडला," पण त्यावर कुणी हसलं नाही.

द्वारकाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. "तुमचं मी घरी बघते," एवढंच म्हणाल्या. मग सतरंजीवर बसल्या बसल्या मागे वळल्या. तीस वर्षांत बहिणीला उद्देशून त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं असेल ते हेच: "म्हंजी तू आतच व्हतीस?"

"आतच व्हते," दाराशी बसलेल्या कौसाबाई म्हणाल्या.

"मला कळा येऊन राहिल्त्या, अन् तू सिनेमा पाहत बसलीस?"

"तूच म्हनलीस ना अक्का."

"मी काय म्हनले?"

"पत्र्याला टेकून बसलीस तवा. मी शेजारी बसाय लागले तर माजा हात झटकलास. म्हनलीस, तू हितं थांबू नको, तू आत जाऊन बघ अन् मला येऊन सांग. न्हाई तर कशाला बसते मी? सारं ध्यान तुज्याकडं, पडद्यावर मन लागत व्हतं का माजं?"

द्वारकाबाईंनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. "मला न्हाई याद."

"कशी राहीन? त्या टायमाला कुनाला याद राहती?"

"मंग हे तवाच काहून न्हाई बोललीस?"

"तू बोलू दिलंस कुटं? सगळ्या दवाखान्याम्होरं खोटारडी म्हनलीस. मंग मलाबी राग आला. लई आला. अजून गेला न्हाई."

उषाच्या कडेवर बाळ होतं, ते कधी तिने आईकडून घेतलं मला कळलं नाही. हेडमास्तरांनी मला खुणावलं, लावा आता. मी हात डब्याकडे नेला.

"थांबा उस्मानभाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "आत्ता लावू नका." आणि बहिणीकडे वळून म्हणाल्या, "सांग मंग."

"काय सांगू?"

"शेवट. मी बघून सांग म्हनले व्हते ना? सांग."

कौसाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. एवढं गाव बसलेलं. आधी अडखळल्या, मग सांगायला लागल्या. न्हावी कोट कसा झटकतो, बाही उलटी कशी होते, काळा डाग कसा दिसतो, न्हाव्याचं बोट कसं थरथरतं. उठून उभं राहून त्यांनी न्हाव्यासारखं करून दाखवलं. पांढऱ्या पडद्यावर काहीच नव्हतं, आणि सगळं गाव कौसाबाईंकडे बघत होतं. जन्मभर मी लोकांना पडद्याकडे बघायला लावलं, त्या दिवशी पडद्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

"अन् मंग त्यो वरडतो, ही खून काकूनं केली! डागाची खून हां अक्का, मारल्याची न्हाई. काकू बिचारी रडती."

"मंग? डॉक्टरला धरून नेलं?"

"ते न्हाई ठाऊक."

"काहून?"

"काकू रडली तशी मी उठले. भाईर आले तर तुमची जीप निगालेली, दुसरी धरून पळाले तुज्याकडं." कौसाबाईंनी पदर सावरला. "शेवट मीबी न्हाई पाहिला अक्का."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली. मशिनीकडे तोंड फिरवून मी पुन्हा भिंग पुसलं. पुसायला खरोखरच काही नव्हतं.

द्वारकाबाईंनी पदराने तोंड पुसलं, नाक ओढलं. मग सतरंजीवर बाजूला सरकल्या आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"ये हिकडं. दाराशी काय बसलीस, पाव्हनी हायेस का? अन् त्या बाळूलाबी आन पुढं. मामाला म्हागं बसवत न्हाईत."

कौसाबाई आल्या. येऊन बसताना गुडघा दुखला तशा "आई गं" म्हणून कण्हल्या, आणि द्वारकाबाईंनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. बाळू पुढे आला. उषाने बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं. ते त्याच्या शर्टाच्या गुंड्या ओढायला लागलं. मारोती अजून पडद्यापुढेच उभा होता, त्याला लोकांनी बाजूला केलं. घोंगड्या पुन्हा खिडक्यांवर गेल्या आणि वर्गात अंधार झाला.

"लावा आता उस्मानभाई," अंधारातून द्वारकाबाईंचा आवाज आला. "अन् कुनी मधी सांगू नका. आमी दोघींनी न्हाई पाहिला ह्यो."